ताईचे तास

आज जे लिहितो आहे ते माझ्या बायकोलाही कधी कळलं नाही. ती गेली, तरी मी गप्पच राहिलो. मुलांसाठी आत्या म्हणजे भिंतीवरचा एक फोटो — त्यांना काय सांगणार? तुम्ही अनोळखी आहात, म्हणून तुमच्याजवळ जीभ जरा सैल होते आहे. पण थांबत थांबत सांगू द्या. सरळ सांगायला गेलो की मी दरवेळी भलतंच काहीतरी सांगून मोकळा होतो.

गोष्ट माझ्या बहिणीची आहे. कुसुमताईची. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चौथीत होतो, त्यामुळे माझ्या डोक्याला तेल लावणं, डबा देणं, ताप आला की कपाळावर ओली पट्टी ठेवणं, सगळं ताईकडे आलं. सक्करदऱ्याला, तळ्यापासून थोडं अलीकडे, आमचं दोन खोल्यांचं कौलारू घर होतं. बाबा कापडाच्या मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. ताई वस्तीतल्याच बालवाडीत शिकवायची. घरी भाकरी थापतानाही ती बालवाडीतली गाणी गुणगुणायची, आणि आपण गुणगुणतो आहोत हे तिला ठाऊकही नसायचं. ते गुणगुणणं मला अजून कुठेतरी ऐकू येईल असं वाटतं. येत नाही.

सत्तरच्या पुढची दोनचार वर्षं असतील. मी केंद्र सरकारच्या एका पाहणी कार्यालयात लागलो होतो. घरोघर फिरून फॉर्म भरायचे, असं काम. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी बाबांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. 'पाणी' आणि 'कुसुम' एवढे दोनच शब्द उरले. ताईनं बालवाडी सोडली. सोड असं तिला कोणी म्हटलं नाही. सोडू नको असंही मी म्हटलं नाही. आणि महिन्याभरात मी सीताबर्डीला एक खोली घेतली. ऑफिसला जवळ पडते, असं सांगितलं. सक्करदऱ्याहून सायकलनं अर्धा तास लागायचा. अर्धा तास! खरं कारण वेगळंच होतं — बाबांच्या खाटेजवळचा वास मला सोसत नव्हता. मी रविवारी जायचो, संत्री घेऊन. ताई ती सोलून, एकेक फोड कुस्करून, चमच्यानं बाबांच्या तोंडात घालायची. मी तेवढा वेळ दारात बसून पेपर वाचायचो.

त्या वर्षी आमच्याकडे जी पाहणी आली ती म्हाताऱ्या माणसांची होती. अंथरुणाला खिळलेल्या, परस्वाधीन झालेल्या माणसांवर देश एकूण किती खर्च करतो, हे दिल्लीला हवं होतं. सरकारी दवाखान्यांचा खर्च कागदावर होताच. घराघरांतून जे चालतं ते मोजायचं कसं, हा खरा प्रश्न होता. म्हणून फॉर्ममध्ये रकाने होते — देखभाल कोण करतं, दिवसाचे किती तास, त्यासाठी कोणी कामधंदा सोडला का. आमचे साहेब सज्जन माणूस. ते पहिल्या दिवशी म्हणाले, "ज्या कामाला पगार नाही ते काम देशाला दिसतच नाही. ते आपण दाखवायचं आहे." मला ते फार पटलं. हसू नका — खरंच पटलं होतं. बायकांना तास विचारले की त्या म्हणायच्या, "तास कोन मोजते, भाऊ?" मग मी त्यांना पहाटेपासून एकेक गोष्ट आठवायला लावायचो आणि नीट बेरीज करायचो. त्या बेरजेकडे त्या बायका कशा बघायच्या! जणू दुसऱ्याच कोणाचं काम आहे.

पण त्याआधी, फॉर्म नीट जमतो की नाही हे पाहायला, ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांनी आपल्याच घरचा एक भरून द्यावा, असं साहेबांनी सांगितलं होतं. आणि त्याच आठवड्यात माझी बदली निघाली होती, जगदलपूरला. मला जायचं नव्हतं. सीताबर्डीचं ते मोकळं आयुष्य मला आवडायला लागलं होतं. मी अर्ज केला की वडील अंथरुणावर आहेत, त्यांचं सगळं मलाच करावं लागतं. आणि मग फॉर्म अर्जाशी जुळायला नको का? देखभाल कोण करतं — मुलगा. दिवसाचे किती तास — नोकरी सांभाळून सहा. कामधंदा कोणी सोडला का — नाही. ताईचं नावच कुठे आलं नाही.

साहेबांनी दोन्ही कागद वाचले. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, मी शिफारस करतो. आणि तपासणी म्हणून मंगळवारी सकाळी घरी येतो, वडिलांनाही भेटेन.

सोमवारी संध्याकाळी मी ताईकडे गेलो. इथे एक गोष्ट सांगायला हवी. कळमेश्वरच्या शाळेत एक मास्तर होते, विधुर, चाळिशीच्या आतले. बालवाडीच्या मोठ्या बाईंमार्फत त्यांनी ताईला विचारलं होतं. ताईनं ते मला एका रविवारी तांदूळ निवडता निवडता सांगितलं, माझ्याकडे न बघता. चौतीस वर्षांची माझी बहीण — तिचे कान लाल झालेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. पण बाबांना कोण पाहील, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि मोठ्या बाईंना तिनं थोडं थांबा असं कळवलं होतं.

सोमवारी मी तिला तेच आमिष दाखवलं. म्हटलं, बदली रद्द झाली की खोली सोडतो, इथे राहायला येतो, बाबांचं मी करतो, तू कळमेश्वरला जा. फक्त उद्या साहेबांसमोर जरा सांभाळून घे.

तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग विचारलं, "मंग मी कोन आहो म्हनून सांगू?"

पाहुणी आहे म्हण, मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली.

मंगळवारी साहेब आले. ताईनं धुतलेलं लुगडं नेसून, पदर नीट घेऊन, चहा दिला. साहेबांनी सहज विचारलं, तुम्हीही इथेच असता का? तिनं मान खाली घालून सांगितलं, "नाही जी. मी पाव्हनी आहो. बाबाचं सारं हाच करते."

तेवढ्यात बाबा म्हणाले, "कुसुम. पाणी."

मी लगबगीनं उठलो. पाणी कशातून पाजायचं ते मला ठाऊक नव्हतं. मी पेलाच तोंडाला लावला. मान कुठून उचलायची असते? मी हनुवटीखाली हात घालू पाहत होतो. पाणी गळ्यावरून उशीवर गेलं, बाबांना ठसका लागला. ताईचा हात पुढे आला — मानेखाली जायला, रोज शंभरदा जायचा तसा. आणि मधेच थांबला. तिनं तो हात मागे घेतला आणि पदरात धरून ठेवला. बाबा खोकत होते, तिच्याकडे बघत होते, आणि ती पाहुणीसारखी भिंतीला टेकून उभी होती. माझ्यासाठी.

साहेबांनी काय ओळखलं, कोण जाणे. त्यांनी फॉर्मवर सही केली.

बदली रद्द झाली. ताईनं त्या दिवशी गोड शिरा केला. मी म्हणालो, दिवाळीनंतर येतो राहायला. दिवाळीनंतर म्हणालो, फील्डचं काम संपलं की येतो.  ताईनं माझ्यासाठी पेटीतली एक चादर काढून उन्हात घातली होती, ती पुन्हा घडी करून ठेवली.

तुम्हाला वाटेल, ही चूक मी सांगायला बसलो. नाही. ही मी मनातल्या मनात पुष्कळदा कबूल केली आहे. जी केली नाही ती आता सांगतो.

संक्रांतीच्या आसपास एका दुपारी ते मास्तर माझ्या ऑफिसात आले. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. बाहेरच्या बाकावर माझी वाट बघत तासभर बसले होते म्हणे. अतिशय अवघडून बोलले. त्यांचं म्हणणं असं — तुमच्या ताईंवर वडिलांचा भार आहे हे मला माहीत आहे. माझं घर मोठं आहे. वडिलांनाही आपण कळमेश्वरला नेऊ, मी त्यांचं करीन, मला काही जड नाही. ताईंना सरळ विचारणं बरं दिसणार नाही, तुम्ही भाऊ आहात, तुम्ही विचारून सांगा.

बाबांनाही नेऊ. ऐकलंत? म्हणजे माझ्यावर काहीच पडणार नव्हतं. मग मी काय म्हणायला हवं होतं? पण माझ्या डोक्यात पहिलं काय आलं ते सांगतो — बाबा कळमेश्वरला गेले की माझी बदली रद्द कशाच्या जोरावर राहणार? साहेब विचारतील. मास्तर कधीतरी कोणाजवळ बोलतील की मुलगा तर रविवारचा येणारा. मी त्या भल्या माणसाच्या तोंडाकडे बघून सांगितलं, "ताईची इच्छा नाही. तिनंच मला तुम्हाला कळवायला सांगितलं होतं."

ते उठले. "बरं आहे," म्हणाले. पिशवीतून तिळगुळाची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि गेले. तिळगुळ मी ऑफिसात वाटून टाकला. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी दुसरीकडे लग्न केल्याचं कळलं.

बाबा त्यानंतर सात वर्षं जगले. माझं लग्न झालं, प्रताप नगरला आम्ही बिऱ्हाड केलं, मुलं झाली. तेराव्याच्या दिवशी नातेवाईक म्हणत होते की मुलानं बापासाठी बदली नाकारली. मी हात जोडून ते ऐकत राहिलो. ताई पंगतीत भात वाढत होती. तिनं ऐकलं असेल. माझ्या पानात तिनं तूप जरा जास्तच वाढलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी आम्ही दोघं तळ्याकाठी बसलो होतो. तिला आता वेळच वेळ होता आणि त्याचं काय करायचं ते तिला समजत नव्हतं. बालवाडीत नव्या बाई होत्या. पाण्याकडे बघत ती एकदम म्हणाली, "त्या मास्तरनं पुन्हा काहून नसन विचारलं गा, मनोहर? म्या तं वाट पाहून राहिली होती."

एका हाताच्या अंतरावर मी बसलो होतो. तेव्हा सांगता आलं असतं. उशीर झाला होता, पण निदान तिला कळलं असतं की तिला कोणीतरी पुन्हा विचारायला आलं होतं, कापडी पिशवी घेऊन, तासभर बाकावर बसून. मी म्हणालो, "माणसं तशीच असतात, ताई."

तिनं मान हलवली. तिला ते पटलं.

दीड वर्षानं ती काविळीनं गेली. आजही मला तिच्याजवळ जाऊन बसावंसं वाटतं, तिनं नावानं हाक मारावी असं वाटतं, आणि तेवढ्यात आठवतं — आपल्याला कोणी पुन्हा विचारलंच नाही, असं समजून ती गेली. तिला विचारलं होतं. नाही म्हणालो तो मी.