बहुतेक लोक म्हणजे कोण?

ब्रेकताई गाडी चालवायला शिकवायची. शिकाऊ माणूस भिंतीच्या रोखाने निघाला की "ब्रेक!" असं काही ओरडायची की शेजारच्या गाड्यासुद्धा थांबायच्या. म्हणून हे नाव.

सकाळी ती नाश्ता टाळायची, कारण घरात तिच्या कंबरेवर प्रत्येकाचं काही ना काही मत होतं. दुपारी दोन शिकवण्यांच्या मधे गाडी मैदानाच्या कडेला लावून मग ती खायला बसायची. बिस्किटं, पाव, केक, जे हाताला लागेल ते. भूक असो नसो, भराभर, पोट दुखेपर्यंत. वेष्टनं सीटखाली कोंबायची आणि स्वतःला मनसोक्त शिव्या घालायची.

एकदा शिकायला आलेल्या एका निवृत्त मास्तरांनी सीट पुढे ओढली आणि सगळा कचरा त्यांच्या पायांत आला. मास्तर म्हणाले, "उंदीर झालेत वाटतं." ताई "हो" म्हणाली खरी, पण घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगत ढसाढसा रडली.

"एवढंच ना?" नवरा म्हणाला. "तोंडाला कुलूप लाव, झालं!"

असला सल्ला फुकट मिळतो तो उगाच नाही. ताई डॉक्टरीणबाईंकडे गेली.

बाईंनी विचारलं, "बहुतेक लोक एका बैठकीत खातील, त्यापेक्षा तुम्ही जास्त खाता?"

"बहुतेक लोक म्हणजे कोण? आमचे भाऊजी माझ्या दुप्पट चापतात, वर ढेकर देतात, आणि सासूबाई म्हणतात, अंगी लागू दे रे बाळा!"

बाई खळखळून हसल्या. "किती म्हणजे जास्त, यावर आमच्यातही भांडणं आहेत. बरं, भाऊजींना मधेच थांबता येतं?"

"येतं की. मॅच सुरू झाली की भरल्या ताटावरून उठतात."

"आणि तुम्हाला?"

"मला नाही येत. मी थांब म्हणते, हात ऐकत नाही."

"नुसतं भरपूर खाणं हा आजार नाही. ताबा सुटणं, चोरून खाणं, नंतर स्वतःची किळस वाटणं, आणि हे महिनोन्‌महिने दर आठवड्याला घडणं, हे सगळं जुळलं की आम्ही त्याला आजार म्हणतो. तुमचं जुळतंय."

"म्हणजे मी हावरट नाही?"

"हावरट हे निदान आमच्या पुस्तकात नाही."

ताई पुन्हा रडली, पण या वेळी नाक शिंकरून हसलीही. बाईंनी उपास बंद करवले, वेळच्या वेळी जेवायला लावलं, आणि दर आठवड्याला गप्पांना बोलावलं. खाण्याचे झटके हळूहळू विरळ झाले. पार गेले असं म्हटलं तर ती थाप होईल.

परवा मैदानाच्या कडेला पुन्हा एकदा तोल गेला. अख्खा केक संपवून ताईने नवऱ्याला फोन लावला आणि जे झालं ते सांगून टाकलं. पलीकडे सल्ल्याची जुळवाजुळव ऐकू आली, पण सल्ला काही आला नाही.

"येऊ का?" त्याने विचारलं.

"या. उपदेश मात्र घरी ठेवून या."

तो आला. बिचारा गाडीत तोंड मिटून बसला.