एका रविवारी एकच प्रोग्रॅम

टेलिफोनच्या तारेवरून एका घरगुती संगणकातली फाईल दुसऱ्या संगणकात सर्वांत लवकर कोणता प्रोग्रॅम पोचवतो, या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्ही दोघे निघालो होतो. दोघांपैकी एक मी आणि दुसरे माझे थोरले साडू. यवतमाळ जिल्ह्यात मोजण्याजोगी एकही वस्तू या गृहस्थांनी न मोजता सोडलेली नाही, असे मी पुरेशा अनुभवानंतर म्हणतो. ते नेरच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, ग्रेडर होते. आलेल्या गाड्यांतला कापूस पाहून त्याची प्रत ठरवणे हे त्यांचे काम. ढिगाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून ते मूठभर कापूस काढत, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ओढत आणि डोळे मिटून धाग्याची लांबी सांगत. पुढे ही सवय हातांना इतकी जडली की चादरीचा कोपरा, देवाची वात, पाहुण्याच्या सदऱ्याची बाही, सारे त्या दोन अंगठ्यांखालून जाऊ लागले. कळंबला आमच्या घरचे लग्न होते. जानवशात व्याही बसले होते त्या गादीची शिवण किंचित उसवलेली दिसताच साडूंनी तिथल्या तिथे चिमूटभर कापूस उपसला, ओढला आणि म्हणाले, "व्याहीबुवा, फसवलं कोनी तरी तुमाले. हा तिसऱ्या वेच्याचा, हलका माल हाय!" गाद्या आमच्याच बाजूने मांडलेल्या होत्या. ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, दारातून डोळ्यांनी खुणावत होती. तिच्याकडे पाहून साडू ठामपणे म्हणाले, "काहून डोळे मोठे करतं? तिसऱ्याच वेच्याचा हाय, पक्का!"

अशा माणसाच्या हाती संगणक कसा आला, ते क्रमाने सांगितले पाहिजे. ती कापसाची वाईट वर्षे होती. आवक घटली होती आणि जिल्ह्यातली जिने एकामागून एक थंडावत होती. साडूंच्या मालकांनी नेरचे काम आटोपून सगळा कारभार यवतमाळला आणायचे मनात घेतले. कारण साधे होते. ग्रेडरचा रोजचा तक्ता एसटीने यवतमाळच्या कार्यालयात पोचेपर्यंत तिथले सौदे उरकलेले असत. यवतमाळला दुसरा ग्रेडर आधीच होता, त्यामुळे नेर बंद झाले तर साडूंचे काम आणि जिनाच्या आवारातले पंचवीस वर्षांचे बिऱ्हाड दोन्ही सुटणार होते. त्यांनी मालकांना शब्द दिला, "शेठ, टेलिफोनच्या तारेवरून पाच मिनिटांत तक्ता यवतमाळले पोचवतो. नेर हालवू नका." मालकांनी हंगाम संपेपर्यंत मुदत दिली.

यवतमाळला माझ्याकडे शाळेच्या कामासाठी घेतलेला एक संगणक होता. साडूंनी दुसऱ्याने वापरलेला एक मिळवला. दोन्हीकडे एकेक मोडेम जोडला. मोडेम म्हणजे अक्षरांची शिट्टी करून ती टेलिफोनमध्ये सोडणारी डबी. ती शिट्टी ऐकून फाईल पाठवणारे आणि घेणारे जे प्रोग्रॅम, त्यांना तेव्हा टर्मिनल प्रोग्रॅम म्हणत. आम्ही असे चार जमवले. मी साडूंना समजावले की हे प्रोग्रॅम मजकुराच्या लहान लहान गाठी बांधून पाठवतात. पलीकडे प्रत्येक गाठ तपासली जाते आणि डागाळलेली निघाली तर तीच पुन्हा मागवली जाते. साडूंचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजे त्याच्यातही ग्रेडर बसला हाय म्हना ना, मास्तर!" त्या क्षणापासून संगणक हे यंत्र न राहता त्यांचा जातभाई झाला.

प्रोग्रॅमांची इंग्रजी नावे त्यांनी पहिल्याच दिवशी रद्द केली. सतत आकडे दाखवणारा तो 'बडबड्या', निळ्या पडद्याचा तो 'निळोबा', काम संपल्यावर टिवटिवणारा तो 'चिमणी' आणि पडद्यावर काहीच न सांगणारा तो 'मुका'. मुक्यावर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. बडबड्या स्वतःचा वेग स्वतःच पडद्यावर लिही, तोही त्यांना मान्य नव्हता. "स्वतःच्या लेकराचे मार्क बापानं सांगू नये," असे म्हणून त्यांनी माझ्या शाळेतले शर्यतीचे स्टॉपवॉच मागवून घेतले. त्यांचा सर्वांत कडक नियम मात्र वेगळाच होता. एका रविवारी एकच प्रोग्रॅम तपासायचा. मी विचारले, "भाऊजी, चारही एकाच दुपारी का नको?" ते म्हणाले, "एका दमात दोन ढीग पाह्यले की पयल्याची याद हातात राह्यते अन् हात खोटं बोलतो. ग्रेडरनं असं करू नये." मला हा नियम इतका शास्त्रीय वाटला की मी तो वहीत लाल शाईने लिहिला.

ते रविवार काय वर्णावेत! दुपारी चारच्या ठोक्याला ते नेरहून फोन लावत, मोडेम किंचाळे, आणि साठ हजार अक्षरांचा तोच तो तक्ता निघे. मी इकडे श्वास रोखून उभा, ते तिकडे घड्याळ धरून उभे, आणि ताईने चहा आणला तर तिला दारातच थांबवत, का, तर पावलांनी टेबल हालेल! पाठवणे संपले की लगेच फोन येई. बडबड्याला सात मिनिटे वीस सेकंद लागली, निळोबाला आठ मिनिटे, चिमणीला सात मिनिटांपेक्षा थोडी कमी. मागून ताईचा आवाज येई, "घरचं दळन आनाले एवढी घाई करत नाही हा मानूस!" पाच मिनिटांचा शब्द दिला होता आणि आता एकटा मुकाच उरला होता.

चौथ्या रविवारी मुका सुटला आणि चार मिनिटे अठरा सेकंदांत फाईल माझ्याकडे आली! मी घड्याळ दोनदा पाहिले. तेवढ्यात फोन खणखणला. "मास्तर! अठरा ना? माह्याकडंही अठरा! बाप्पा, काय पळाला हो मुका! आता जातो शेठकडे, आत्ता जातो!" मी खुर्चीवरून उठून ओरडत होतो, तेही ओरडत होते. एकीकडे मला काहीतरी चुकल्यासारखे वाटत होते. त्यांचा प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येत होता. नेहमी त्यांच्या बोलण्यामागे असणारी घरघर आज नव्हती.

मी विचारले, "भाऊजी, आज जीन बंद आहे का?"

"हो ना. परवापासून बंद हाय. गाड्याच नाही आल्या." मग त्यांनीच विचारले, "काहून?"

मी सांगितले. टेलिफोनची तार जिनाच्या भिंतीला लागून जात होती. जिनातल्या यंत्रांच्या मोटारी सुरू असल्या की तारेत खरखर शिरे, गाठी डागाळत आणि पुन्हा मागवाव्या लागत. आधीचे तीन प्रोग्रॅम त्या खरखरीत धावले, मुका एकटा शांततेत. दोष साडूंचा नव्हता, माझा होता. सगळ्या मुलांचा पेपर एकाच वेळी घ्यायचा असतो हे रोज पाळणाऱ्या गणिताच्या शिक्षकाला ही गोष्ट चार रविवार सुचली नाही.

ते म्हणाले, "तर मंग चारही आज पळवू." नियम त्यांनी स्वतःच मोडला. बंद जिनाशेजारून चारही प्रोग्रॅम धावले आणि चारही साडेचार मिनिटांच्या आत आले. त्यांच्यात फरक होता तो मोजक्या सेकंदांचा.

"भाऊजी, हेच आकडे शेठना दाखवा," मी म्हणालो. "चारही पाच मिनिटांच्या आत आहेत."

"नाही, मास्तर. जीन बंद असन तर तक्ता कायचा पाठवाचा? मोटारी सुरू असतानाचाच आकडा खरा. जीन सुरू झालं का मोजू."

त्या हंगामात जीन पुन्हा सुरू झाले नाही. साडू शेठकडे गेले, पण आकडे न दाखवता आणखी एका आठवड्याची मुदत मागून आले. ती मिळाली, आणि त्या आठवड्यातही गाडी आली नाही. पुढे नेरचे बिऱ्हाड सुटले. आता ते आणि ताई राजूरला मुलीकडे राहतात. कोळशाचे गाव ते. मागल्या भेटीत मला दारापर्यंत पोचवायला आले, माझा हात हाती घेतला आणि बोलता बोलता अंगठे माझ्या बाहीवरून फिरत राहिले. "सूत बरं हाय," एवढेच म्हणाले.

प्रश्नाचे उत्तर मात्र अपुरे आहे. जवळ मोटारी सुरू असताना चारांपैकी कोणता प्रोग्रॅम पुढे जातो, हे आम्हाला मोजता आले नाही. ज्या वाचकांकडे असा जुना संगणक, मोडेम आणि चालू जिनाजवळून जाणारी तार असेल, त्यांनी चारही प्रोग्रॅम एकाच दुपारी, एकाच फाईलवर धावते करावेत, वेळ हाताने मोजावा, आणि माझ्या शब्दावर न विसंबता हे स्वतः तपासून पाहावे, ही विनंती.