दोनला आणि चारला

गाणं रंगात आलंय, तुम्ही मजेत टाळ्या वाजवताय आणि अचानक कुणीतरी तुमचं मनगट पकडतं. असं कधी झालंय तुमच्या बाबतीत? आयर्लंडमध्ये, शॅननमधल्या आमच्या कारखान्यात ते प्रत्येक मराठी माणसाच्या बाबतीत झालं आहे. "एकला नाही. दोनला आणि चारला!" असं दटावूनच काका हात सोडायचे.

काका आमच्याकडे इलेक्ट्रिशियन होते. साठी उलटलेला, सहा फुटी आयरिश माणूस. 'काका' हे आमचं आपसातलं नाव. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं जुनं सोल संगीत हा त्यांचा जीव की प्राण. शनिवारी पबमध्ये त्यांचा बँड तेच वाजवायचा, काका बास गिटारवर. अमेरिका त्यांनी कधी पाहिली नव्हती. पण त्यांच्या लहानपणी तिकडची विमानं इथे तेल भरायला उतरत आणि त्यांची आई विमानतळावर चहा द्यायची. कुणा प्रवाशाने तिला एक रेकॉर्ड दिली, तिने ती घरी आणली आणि काका जे कामातून गेले ते गेलेच.

या संगीतात चार ठोके मोजायचे आणि टाळी दुसऱ्या-चौथ्याला द्यायची. आम्ही जन्मापासून पहिल्या-तिसऱ्याला देणारे. त्यात मी तबल्याच्या तीन परीक्षा दिलेला, मी कशाला ऐकतो! कँटीनमध्ये मी त्यांना समेचं महत्त्व वीस मिनिटं समजावून सांगितलं. काकांनी शांतपणे सँडविच संपवलं आणि म्हणाले, "पहिला ठोका ड्रमरचा असतो. त्याचा त्याला घेऊ दे. तू जरा थांबायला शीक." मी चिडून माझी बशी उचलली आणि निघालो.

गणपतीला आम्ही त्यांना हॉलवर बोलावलं. काका सुटाबुटात आले आणि आरतीला आपल्या त्या भल्यामोठ्या पंजांनी दोनला आणि चारला टाळ्या द्यायला लागले. निम्मा हॉल त्यांच्यामागे वाहवत गेला. साताऱ्याहून आलेली माझी आई कुजबुजली, "आरं, ह्यो बाबा मागनं का वाजवतोय? कानानं कमी हाय व्हय?" मी हे काकांना सांगितलं. सहावा मोदक तोंडात टाकत ते म्हणाले, "मोदक ग्रँड आहेत. पण आईला सांग, तीसुद्धा एकला वाजवते."

मग ते आजारी पडले. मी भेटायला गेलो, तेव्हा गिटार भिंतीला टेकवलेली होती. "माझ्या मुलाला हे म्हाताऱ्यांचं संगीत वाटतं," ते म्हणाले. "बँडमध्ये पाच जण उरलोय. आम्ही गेलो की दोनला आणि चारला टाळी द्यायला कोण राहणार?" त्यांना इतकं हताश मी कधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात ते माझ्यावर बोट रोखून म्हणाले, "माझ्या वेकला बँड वाजेल. तिथे तू एकला टाळी दिलीस ना, तर उठून बसेन!"

वेक म्हणजे शवपेटी घरात उघडी ठेवतात, लोक भेटून जातात, चहा-सँडविच होतं. मार्चमधल्या एका दुपारी आम्ही बारा मराठी माणसं काकांच्या दिवाणखान्यात दाटीवाटीने उभे होतो. बँडमधले उरलेले चौघे फ्रिजपर्यंत पसरले होते. काका गणपतीच्याच सुटात होते.

बँड सुरू झाला. सगळं घर टाळ्या देऊ लागलं. दोनला आणि चारला, एकही टाळी चुकली नाही. काकांनी हे ऐकायला हवं होतं, असं वाटलं. मग मला त्यांची धमकी आठवली आणि मी मुद्दाम, जोरात, एकला टाळी दिली.

पेटीत काही हललं नाही.

पण शेजारून माझं मनगट कुणीतरी घट्ट पकडलं. काकांचा मुलगा होता. डोळे लाल, गाल ओले.

"एकला नाही," तो चिडून म्हणाला.