मायच्या वाट्याची भीती

आमची माय जगात कशालाच भीत नव्हती, त्यामुळे घरातली सगळी भीती एकट्या माझ्या वाट्याला आली. साप, वीज, सासू, तहसीलदार, यांपैकी कोणालाही तिनं जन्मात भीक घातली नाही. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा मध्यप्रांताबरोबर नागपूरहून चालायचा आणि आमच्या घराचा मायच्या खाटेवरून. तिच्या पायांना सूज चढली, चार पावलांत धाप लागू लागली, तेव्हा मी तिला दमणीत, आमच्या हलक्या बैलगाडीत, घालून खामगावला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीला नळी लावली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "काळीज थकलंय त्यांचं. खाट सोडू देऊ नका. एखाद्या दिवशी चालता चालता बंद पडेल." माय आतून ओरडली, "त्याले काय सांगता? काळीज माह्यं हाय!" त्या दिवसापासून मी तिच्या पाळतीवर राहिलो.

डॉक्टरांनी मोठी बाटली भरून औषध दिलं होतं. बाटलीवर कागदाची पट्टी, पट्टीवर रोजच्या घोटाच्या खुणा. खुणेखुणेनं बाटली खाली उतरू लागली आणि मी देवाला हात जोडले. पंधरा दिवसांनी कळलं, की घोट रोज परसातल्या वांग्याच्या झाडाला जात होता. "पहिले त्यानं पिऊन पाहावं, मंग मी पिईन," असं मायचं म्हणणं. ते झाड मेलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण मेलं असं काही तरारलं, की विचारू नका! तिनं खामगावला निरोप धाडला, "औषध चांगलं हाय. वांग्यायले लागू पडलं." मी रडकुंडीला येऊन पायाशी बसलो, तेव्हा माझ्यावर उपकार म्हणून ती दोन घोट प्यायली आणि दिवसभर तोंड वाकडं करून बसली.

मग मी खाटेच्या दोरीला बैलाच्या गळ्यातली घंटी बांधली. ती उठली की घंटी वाजावी आणि मी धावावं, असा बेत. दोन दिवस घंटी वाजली आणि दोन दिवस मी धावलो. एकदा हातात विळा घेऊन, एकदा तोंडाला साबण फासलेला. तिसऱ्या दिवशी घंटी गप्प. म्हातारी ताळ्यावर आली म्हणून मी जरा टेकतो, तोच पलीकडच्या आळीतून तिचा आवाज! कोणाच्या तरी ओसरीवर बसून ती बाळंतिणीला शेक कसा द्यावा ते शिकवत होती. घंटी उलटी करून पाहिली, तर आत कापूस ठासून भरलेला. घरचाच, चांगल्या लांब धाग्याचा.

ती दुपारी झोपली की माझे त्याहून हाल. छाती हलते की नाही ते दारातून पाहायचं, दिसेनासं झालं की चोरपावलांनी जाऊन नाकाशी उलटा हात धरायचा. एकदा डोळे मिटूनच ती म्हणाली, "चालू हाय अजून. जाय, वावरात जाय." माझी बायको गंगा म्हणायची, "मायच्या आधी तुमचंच काळीज बंद पडन." तिचं काही फार चुकत नव्हतं.

कार्तिकात बोंडं फुटली आणि खरा प्रश्न उभा राहिला. आमच्याकडे सीतादही झाल्याशिवाय कापसाला कोणी हात लावत नाही. घरच्या बाईनं वावरात जायचं, सात गोटे मांडायचे, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, मग पहिली वेचणी. लग्न होऊन आल्यापासून हे मायनं केलेलं. यंदा गंगा करील, असं मी भीत भीत सुचवलं. "काऊन? मी मेली का?" इथंच बोलणं संपलं. शेजाऱ्यांची पहिली वेचणी आटोपत आली, आमचा कापूस बोंडातून लोंबून मातीत पडू लागला, तरी ती ऐकेना आणि मी तिला सोडीना. पाचव्या दिवशी सकाळी पाहतो, तर खाट रिकामी. मी अंगणात धावलो. माय बाहेर दमणीत बसली होती, बैल जुंपायच्या आधीच. गंगा दहीभात घेऊन तिच्याजवळ बसली, वेचणाऱ्या बाया मागून चालत निघाल्या.

वाटभर चाकोरीच्या प्रत्येक खड्ड्याला माझा जीव जाऊन परत येत होता. मी मागे वळलो, की ती खेकसायची, "समोर पाह्य! बैल नाल्यात घालशीन!" धुऱ्याशी, म्हणजे वावराच्या बांधाशी, उतरल्यावर तिनं कोणाला हात धरू दिला नाही. दहा पावलं चालायची, थांबायची आणि एखादं कपाशीचं झाड निरखून म्हणायची, "हे पराटी रोगट हाय." पराटी चांगली हिरवीगार असायची. मी हात पसरून मागे मागे आणि मनात एकच धावा, देवा, इथं नको, आत्ता नको.

वावराच्या मध्यावर ती मटकन बसली. ओठ निळसर झाले होते. धापा टाकत म्हणाली, "गंगे, तू मांड."

गंगेनं गोटे मांडले. मी मोजले. सहाच होते. आता तोफ सुटणार म्हणून मी वाट पाहू लागलो; डाळीतला खडा अंगणातून ओळखणारी बाई ती! मायनं गोट्यांकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बराबर मांडलं, बाई."

लग्नापासून गंगेनं तिच्या तोंडून 'बराबर' ऐकलं नव्हतं. डोळे भरून येऊन तिनं मायच्या पायावर डोकं ठेवलं. मी मात्र पुन्हा गोटे मोजले. मायला दिसलं नाही, की दिसूनही ती गप्प राहिली? दोन्ही उत्तरांची मला सारखीच भीती वाटत होती. सरीतला एक गोटा उचलून मी हळूच सातवा म्हणून ठेवला.

"बापू, उचल मले," माय म्हणाली.

मी उचललं. किती हलकी झाली होती! इतके दिवस तिनं माझं ऐकावं म्हणून मी नवस बोललो होतो, आणि आता ऐकते आहे तर मला रडू आवरेना. "बायायले वेचाले लाव," माझ्या खांद्याशी ती पुटपुटली. मागे वेचणी सुरू झाली. दमणी समोरच उभी होती, पण तिला इतक्यात खाली ठेवायला मन होईना; मी पलीकडच्या लांबच्या धुऱ्यानं निघालो. उलटा काऊन चाललास, असं तिनं एकदाही विचारलं नाही.