आईची मिश्रीची डबी

मंडळी, आज आईला घेऊन बोईसरला डॉक्टरांकडे गेले होते. कोलेस्टेरॉल वाढल्यापासून सातपाटीची ही बाई तळलेल्या पापलेटाकडे बघतसुद्धा नाही.

डॉक्टर म्हणाले, "मावशी, नुसतं तेल कमी करून भागत नाही. बीपी, साखर, चालणं, सगळंच बघावं लागतं. तंबाखू खाता?"

"नाय ओ! मी फक्त दाताला मिश्री लावते."

"मावशी, मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच ना!"

घरी येताच आईने मिश्रीची डबी माझ्या हातात ठेवली. "फेकायला जीव होत नाय. तू लपव. कुठं ते मला सांगू नको."

आमच्या घरात हरवलेली प्रत्येक वस्तू आईच शोधून देते. तिच्यापासून ही डबी कुठे लपवू, सांगा ना!