ताईच्या मापाची कुऱ्हाड

भावोजी गेल्याचे ताईने फोनवर सांगितले, तेव्हा मी मुलुंडच्या घरी सकाळचा चहा घेत होतो. "हे गेले रे शरद," एवढेच ती म्हणाली. तिच्या मागे वाडीतल्या कोंबड्यांचा आवाज तेवढा येत होता.

अंधेरीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून भावोजी निवृत्त झाले आणि गोराईच्या वाडीत ताईबरोबर स्थिरावले. घरात गॅस होता, तरी आंघोळीचे पाणी आणि भाकरी मात्र अंगणातल्या चुलीवर. वाऱ्याने पडलेल्या सुरूचे ओंडके फोडणे हे भावोजींचे काम. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी त्यांचे हृदय थकल्याचे सांगितले आणि पुढच्याच आठवड्यात ते मला म्हणाले, "बोरिवलीला येतोस? कुऱ्हाड घ्यायची आहे." मी बरोबर गेलो, पण मनातल्या मनात त्यांना हटवादी ठरवूनच. माणसाला विचारण्याआधी त्याच्याविषयी मत करून टाकण्याची माझी ही सवय फार जुनी आहे.

दुकानदाराने लाल दांड्याची भलीमोठी कुऱ्हाड पुढे केली. "काका, एका घावात दोन तुकडे!"

"माझेच होतील रे. हलकी दाखव. आणि रंग नको, रंगाखाली गाठी लपतात."

प्रत्येक दांडा उजेडात धरून त्यांनी लाकडाची रेघ टोकापर्यंत सरळ जाते का, ते पाहिले. घरची कुऱ्हाड पातळ पात्याची, झाड तोडण्यासाठी घडवलेली. ओंडक्यात ती रुतून बसे आणि ओढून काढताना दमछाक होई. त्यांना हवी होती जाडसर, पाचरीसारखी, लाकडाला दोन्हीकडे ढकलून उकलणारी.

मला राहवले नाही. "भावोजी, तुम्हाला बादलीसुद्धा उचलायची नाही. मी गीझर बसवून देतो."

"बसव की. भाकऱ्या गीझरवर भाजेल तुझी बहीण!" ते हसले, मग आवाज खाली आला. "माझ्यासाठी नाही रे ही. तिच्यासाठी. लाकडं फोडून द्या म्हणून ती कुणाच्या दारात जायची नाही."

त्यांनी निवडलेली कुऱ्हाड मी उचलून घेतली.

घरी ताईने त्या कुऱ्हाडीकडे धड पाहिलेही नाही. "घरात तुम्ही असताना मी लाकडं फोडायची?"

"असताना कोण म्हणतंय, मंदा..."

ती आत निघून गेली आणि भांडी आपटल्याचा आवाज आला. दांडा वापरणाऱ्याच्या तळहातापासून काखेपर्यंतच्या लांबीचा असावा, ही भावोजींच्या घरची रीत. ताई हात पुढे करीना. दुपारी ती दोरीवर कपडे वाळत घालू लागली, तेव्हा तिचा उंचावलेला हात त्यांनी पायरीवर बसून एकटक न्याहाळला. मग करवत मागितली. मी दांडा धरला, त्यांनी थांबत थांबत टोक कापले. ताईने तो भुसा मुकाट्याने झाडून टाकला.

भावोजींचे दिवस-कार्य होऊन काही आठवडे लोटल्यावर मी गोराईला गेलो. चूल थंड होती. ताई गार पाण्याने आंघोळ करीत होती आणि चहात पाव बुडवून जेवण उरकत होती. गीझरचा विषय मी पुन्हा काढला नाही. पाण्याच्या पिंपामागून ती नवी कुऱ्हाड काढली आणि ओंडक्यावर घाव घातला. दांडा मला तोकडा. मी कमरेत वाकत होतो आणि घाव निसटून मातीत जात होते.

"पाय तोडून घेशील," ताई दारातून म्हणाली. "आण इकडे."

तिने पदर खोचला. पहिला घाव तिरका गेला. मी पुढे सरकलो, तशी ती ओरडली, "लांब राहा!" दुसरा घाव ओंडक्याच्या मधोमध बसला आणि तो कडकडून उकलला. ती वाकून त्या दोन फाकांकडे पाहत राहिली आणि तिथेच मातीत बसली. भावोजी गेल्यापासून मी तिला रडताना पाहिले नव्हते... त्या दिवशी ती ओक्साबोक्शी रडली. मी जवळ बसून राहिलो.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले. कुऱ्हाड परत पिंपामागे ठेवावी म्हणून मी हात पुढे केला, तर तिने ती दिली नाही. पात्याची माती पदराने पुसत म्हणाली, "राहू दे. आणि तू जेवून जा. भाकरी टाकते."