पाटकरी मामांची वेरोना

पाटकरी मामा एका जागी बसून पोटभर जेवताहेत, असं दृश्य मी चार-पाचदाच पाहिलं असेल, आणि त्यातलं एक त्यांच्या लग्नाच्या फोटोत. एरवी त्यांचं जेवण चालता चालता व्हायचं. घरातून निघताना अर्धी भाकर, पुढच्या आळीत कुणी हातावर ठेवलेली शेंगदाण्याची चटणी, त्याच्या पुढे कुणाच्या ओट्यावर उभ्या उभ्या ताक. "ह्यांच्या ताटाला पाय हायेत," असं मामी म्हणायची. मामा ही तक्रार कौतुक समजून ऐकायचे.

ही सवय त्यांना नोकरीनं लावली. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर ते पाटकरी होते, म्हणजे कालव्याचं पाणी शेतकऱ्यांना पाळीपाळीनं सोडणारा माणूस. सकाळी निघायचं, पाण्याची दारं उघडत आणि बंद करत काठाकाठानं चालायचं आणि दिवे लागायच्या वेळी घरी परतायचं. वाटेतल्या प्रत्येक आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, त्यांना कुणी ना कुणी जेवायला बोलवायचं. मामा कुणालाही नाही म्हणायचे नाहीत आणि कुठेही एका घासापेक्षा जास्त खायचे नाहीत. लहानपणी मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. एका आखाड्यावर गरम धपाटी आणि लोणी समोर आलं, मी मांडी ठोकली, तर मामांनी मला एक तुकडा देऊन दंडाला धरून उठवलं. मी रडवेली झाले.

"एका आखाड्यावर पोट भरलं की दुसऱ्याला वाटतं, पाणी तिकडंच वळलं," ते म्हणाले. "म्हणून समद्याचा एकेक घास. कोणी नाराज न्हाई, अन् पोट बी बराबर भरतं." त्या दिवशी अकराव्या आखाड्यापर्यंत माझं पोट खरोखरच भरलं, पण पहिल्या लोण्याचा राग मी पुढे बरीच वर्षं धरून होते.

मामांच्या सगळ्या बोलण्यात एक शब्द हटकून यायचा, तो म्हणजे टेल. कालव्याचं शेवटचं टोक ते टेल. धरणाजवळचे, म्हणजे हेडचे लोक आपापली शेतं भिजवून घेतात आणि टेलच्या माणसाला उरलासुरला ओलावा मिळतो. मामांचा रिवाज उलटा होता. आधी टेलला पाणी, मग मागे मागे येत बाकीच्यांना. पाणी टेलला पोचल्याची खबर त्यांना दुसऱ्याच्या तोंडून चालायची नाही. ते स्वतः टोकापर्यंत जायचे, चप्पल काढून पाण्यात पाय घालायचे आणि मगच परत फिरायचे. घरातही तेच. सुट्टीत आम्ही भावंडं आंबे खायला ओळीनं बसलो की पहिला आंबा शेवटच्या पाटावरच्याला मिळायचा. हे कळल्यावर मी मुद्दाम उशिरा येऊन शेवटी बसायला लागले. मामांनी दोन दिवस सोसलं, तिसऱ्या दिवशी मला मधोमध बसवलं.

आता मामीबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट खरं तर तिच्या जिभेची आहे. माझ्या मामीला आजवर कुणाचाही स्वयंपाक पसंत पडलेला नव्हता, स्वतःचाही नाही. पहिला घास घ्यायचा, डोळे बारीक करायचे आणि सांगायचं, "मीठ कमी हाय." पुष्कळदा ते खरं असायचं, आणि नसलं तरी कुणाची वाद घालायची हिंमत नव्हती. मामांच्या गावातले, औंढ्यातले आचारी लग्नाचं वरण उकळायला लागलं की वाटीभर मामीकडे पाठवायचे. माझ्या साखरपुड्यात तिनं माझ्या होणाऱ्या सासूला भर मांडवात भाजीतलं मीठ सांगितलं. लग्न तरीही झालं.

मग एका तापात मामी महिनाभर अंथरुणाला खिळली. ती वाचली याच आनंदात आम्ही होतो. एका संध्याकाळी मामांचा मला फोन आला. मी तेव्हा नुकतीच नोकरीसाठी इटलीत, वेरोना नावाच्या जुन्या शहरात राहायला आले होते. मामा बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग हळूच म्हणाले, "पोरी, तुझी मामी समद्यालाच चांगलं हाय म्हणून राहिली."

मी हसले. म्हटलं, मामा, सुखाचे दिवस आले तुमचे. "हसू नगंस, तिला मिठाचं बी कळंना," मामा म्हणाले, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मामीची चव गेली होती. तिखट, गोड, खारट, तिला सगळं सारखंच लागत होतं. कुणाला वाईट वाटू नये म्हणून ती "चांगलं हाय" म्हणायची, दोन घास गिळायची आणि ताट सरकवायची. वर्ष झालं, दीड वर्ष झालं. लुगडं अंगावर ढगळ दिसायला लागलं. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं की चव परत येईलही, नाहीही, पण वेगवेगळे वास आणि चवी देत राहा. मामांना एवढंच पुरे होतं. "कुठंतरी गाळ बसला असंल," ते मला म्हणाले. "हेडला बसून गाळ निघत न्हाई. चालत जावं लागतं. तुझ्याकडं समदं नवंच खायला असंल नव्हं? आमी येऊन राहिलो."

आणि ते खरोखर आले. हिंगोलीच्या पलीकडे नांदेड आणि परभणी एवढंच जग पाहिलेली दोन माणसं, मामी काठापदराचं लुगडं नेसून आणि मामा डोक्यावर टोपी घालून, दोघंही मुख्यत्वे लोणच्याच्या बरण्यांची काळजी करत विमानातून उतरली. दुसऱ्या दिवशी मी त्यांना नदीवरच्या पुरातन दगडी पुलावर नेलं. लोक त्या पुलावर उभे राहून एकमेकांचे फोटो काढतात. मामा कठड्यावरून वाकून पाण्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "पाणी भरपूर हाय. पण ह्याला पाळ्या कोण लावतं?"

त्या शहरात संध्याकाळी एक खास फेरी निघते. एक वाटाड्या आठ-दहा पाहुण्यांना घेऊन जुन्या गल्ल्यांतून हिंडतो, चार-पाच खानावळींत थांबवतो आणि प्रत्येक ठिकाणी तिथला एखादा पदार्थ आणि थोडी वाइन चाखवतो. मी तिघांची नावं नोंदवली आणि मामांना बेत समजावून सांगितला. ते ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा खुलत गेला.

"म्हंजी चालायचं, थांबायचं, एक घास खायचा, अन् पुढं चालायचं?"

"व्हय."

"अन् ह्याला लोकं सातासमुद्रापार येतात?" मामा मामीकडे वळले. "बघ. तू म्हनायचीस, ताटाला पाय हायेत. इथं पुऱ्या शहराच्या ताटाला पाय हायेत."

आमची वाटाडी पाओला नावाची साठीची, गोल चेहऱ्याची बाई होती. हातात लाल छत्री, आवाज बाजारात घडलेला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडी प्रेक्षागारापासून आम्ही निघालो. गुडघ्यांमुळे मामी सगळ्यांच्या मागे पडली. पहिल्या खानावळीत आम्ही पोचलो तेव्हा फळीवर चीज आणि ऑलिव्ह मांडलेले होते, आणि एका लांब हाताच्या पाहुण्यानं पहिला तुकडा उचललाही होता. मामा दोन्ही हात पसरून फळीच्या आणि पाहुण्यांच्या मधे उभे राहिले.

"टेल आली न्हाई," ते मराठीत म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी घाईघाईनं कालवा, दारं, पाटकरी, सगळं पाओलाला सांगितलं. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. पाओलानं ऐकून घेतलं, छत्री टेबलावर ठेवली आणि दाराकडे तोंड करून स्वतःच मामीची वाट पाहू लागली. मामी आली, तिनं पहिला तुकडा तोंडात टाकला, आणि मामा श्वास रोखून बघत राहिले.

"चांगलं हाय," मामी म्हणाली.

मामांनी मान हलवली आणि बाकीच्यांना हातानं खूण केली, घ्या आता.

दुसऱ्या ठिकाणी वाइन आली. मामांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. त्यांनी पेला दिव्यासमोर धरला, वास घेतला आणि द्राक्षांना पाण्याच्या पाळ्या किती, हे मला विचारायला लावलं. पाओला म्हणाली, या वाइनची द्राक्षं तोडून महिनोन्महिने माळ्यावर सुकवतात आणि मग त्यांचा रस काढतात. "म्हंजी मनुकेच की," मामा म्हणाले आणि त्यांनी एक घोट घेतला. "काढ्यावानी हाय." मग पेला मामीपुढे धरून हळूच म्हणाले, "जिभेला लाव जरा. औषिद समजून." मामीनं असा काही कटाक्ष टाकला की मामांनी तो पेला लांब हाताच्या पाहुण्याला देऊन टाकला. तेव्हापासून तो मामांचा जिवलग झाला. तिसऱ्या ठिकाणच्या भातालाही मामी "चांगला हाय" म्हणाली. मामा हसून बोलत होते, पण टोपी सारखी काढत आणि घालत होते, आणि ते त्यांच्या काळजीचं लक्षण आहे हे मला ठाऊक होतं.

चौथं ठिकाण म्हणजे भाजीबाजाराच्या चौकामागची एक लहानशी खानावळ. तिथं मक्याच्या पिठाचा घट्ट, पिवळाधमक लापशीसारखा पदार्थ मिळतो, त्याला पोलेंता म्हणतात. त्यावर मांसाचा रस्सा घालतात. मामीसाठी मी रस्सा नको म्हणून सांगितलं होतं. एव्हाना पाओलालाही सवय झाली होती. ताटल्या मांडून झाल्यावर तिनंच दाराकडे पाहून विचारलं, "टेल?" सगळे पाहुणे हात आवरून उभे राहिले.

मामी आली. खुर्चीवर टेकली. एक चमचा तोंडात घातला. थांबली. दुसरा घातला. आणि तिचे डोळे बारीक झाले.

"ह्याच्यात मीठ न्हाई," मामी म्हणाली.

मामा जागच्या जागी खाली बसले. खुर्ची नव्हती, ते सरळ फरशीवर बसले आणि टोपी तोंडावर धरून ढसाढसा रडायला लागले. स्वयंपाकीणबाई आतून धावत आल्या. काय झालं, म्हणून त्यांनी विचारलं, आणि माझ्या तोंडून घाईत खरं तेच निघालं, की पदार्थात मीठ नाही. बाईंचा चेहरा उतरला. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पोलेंतात मीठ घालत नाहीत, म्हणाल्या, कारण वरच्या रश्श्यात भरपूर असतं. मामीच्या ताटलीत रस्साच नव्हता. मी तिच्या चमच्यानं चाखून पाहिलं. मिठाचा कणसुद्धा नव्हता. मामीचं अगदी बरोबर होतं.

मामा उठले आणि स्वयंपाकीणबाईंपुढे दोन्ही हात जोडून उभे राहिले. मग मी नीट सांगितलं, ताप, दीड वर्ष, "चांगलं हाय", सगळं. बाई आत गेल्या, मिठाचं भांडं घेऊन आल्या आणि मामीच्या ताटलीत चिमूट टाकली. मामीनं चाखलं. "अजून," ती म्हणाली. पुन्हा चिमूट. तिसऱ्या चिमटीला मामीनं हात आडवा धरला आणि ताटली चाटूनपुसून रिकामी केली. लांब हाताच्या पाहुण्यानं टाळ्या वाजवल्या. त्या संध्याकाळी मी स्वतः किती वाइन प्यायले हे मामीनं पाहिलं नाही, एवढंच इथं सांगते.

औंढ्याला परतल्यावर मामांनी रोजची फेरीच सुरू केली. देवळासमोरून निघायचं, एका ठिकाणी भजं, एका ठिकाणी मुरमुऱ्यांचा वाटीभर सुशीला, एका ठिकाणी अर्धी जिलबी, शेवटी कपभर चहा. मामी मागून सावकाश यायची. दुकानदार पहिला घास काढून ठेवायचे आणि तिचा निकाल लागेपर्यंत कुणी तोंडात काही घालायचं नाही. फोनवर मामा मला रोजच्या तक्रारी वाचून दाखवायचे. भज्यात ओवा जास्त, जिलबी कच्ची, चहात साखर नुसती दाखवली. इतका सुखी माणूस मी दुसरा पाहिला नाही. पाच वर्षं हे चाललं. मामी पुन्हा अंगानं भरली.

मामा गेले तेही चालून आल्यावर. संध्याकाळची फेरी करून घरी आले, चप्पल काढली, पाणी मागितलं, आणि मामी तांब्या घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मी पोचले ती तिसऱ्या दिवशी. मामी रडत नव्हती. समोर आणलेल्या पानातले दोन घास खायची आणि म्हणायची, "चांगलं हाय." चहा दिला, चांगला हाय. खिचडी दिली, चांगली हाय. मामांनी सात समुद्र ओलांडून आणलेली चव त्यांच्याबरोबरच गेली की काय, असं मला वाटलं, आणि हे कुणाजवळ बोलायचीही सोय नव्हती.

तेरवीला कालव्याकाठची सगळी गावं लोटली. नैवेद्य झाला, पंगत बसली. वाढपी वरणाची बादली घेऊन उभा राहिला, तर टोकाला बसलेला एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "इकडून वाढ. पाटकऱ्याची पंगत हाय." वाढपी निमूटपणे टोकापासून वाढत आला. सगळी पानं भरली, तरी कुणी घास उचलेना. कोणाची वाट बघताय, म्हणून मी विचारलं, तर तो म्हातारा म्हणाला, "बाई आत हायेत नव्हं. टेलला पोचू द्या."

मी वरणभाताचं पान घेऊन आतल्या खोलीत गेले. मामी भिंतीला टेकून बसली होती. बाहेरची सगळी पंगत थांबली आहे, हे मी तिला सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, पान पुढे ओढलं, एक घास घेतला आणि बराच वेळ तो तोंडात घोळवला.

मग तिचे डोळे बारीक झाले.

"वरणात मीठ कमी हाय," ती म्हणाली, आणि तेरा दिवसांत पहिल्यांदा हुंदका देऊन रडली. "जा, सांग त्यांना. अन् मीठ घेऊन जा."

मी मिठाचं भांडं घेऊन अंगणात आले आणि मामीनं सांगितलं तसं, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं. आचारी ओशाळला. पंगत मात्र हसली, डोळे पुसत हसली, आणि जेवायला लागली. मी टोकापासून सुरुवात करून प्रत्येकाच्या पानात चिमूट चिमूट मीठ वाढत गेले.